पावसात मिटणारी छत्री

प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक वस्तू अशी असते, की तिच्याकडे बघून पाहुणे विचारतात, "अजून आहे तुमच्याकडे?" हे विचारताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. कुणाच्या तरी नव्वदीतल्या आजोबांची चौकशी करावी, तसा. पूर्वी हा मान पितळी स्टोव्हला होता. मग तो लाथा मारून सुरू करायच्या स्कूटरकडे गेला. सध्या आमच्या पुण्याच्या घरात तो गॅलरीच्या कठड्याला बसवलेल्या डिशकडे आहे.

गावाकडे तिला 'छत्री' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार. पाऊस आला की उघडते ती छत्री, असा माझा आजवरचा समज होता. ही पाऊस आला की मिटते! मोठी सर आली की वरून येणाऱ्या लहरी पावसाचं पाणी वाटेतच पिऊन टाकतं, आणि पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येते. ती नेमकी अशा क्षणी येते, की सासूने कपाट उघडलेलं असतं आणि आत काय आहे ते फक्त सासूलाच दिसत असतं.

पण मला या छत्रीविषयी आदर आहे. एका रविवारी मी हिशेब मांडला. (मी बँकेत आहे. रविवारीही सवय जात नाही.) उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर. कार्यक्रम वर जायचा ३६ हजार, खाली यायचा ३६ हजार, एकूण ७२ हजार किलोमीटर. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख. म्हणजे सगळा प्रवास पाव सेकंदात! आमच्या शाखेत दोन नंबरच्या खिडकीतला कागद साहेबांच्या टेबलावर पोचायला तीन दिवस लागतात. अंतर बारा फूट.

आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांना असल्या हिशेबांत रस नाही. त्यांचा प्रश्न एकच, "बाबा, ज्या काळात माणूस हवं ते हवं तेव्हा बघतो, त्या काळात आपण दुसरा कुणीतरी ठरवेल ते आठ वाजता का बघायचं?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी बापाचं शेवटचं शस्त्र काढलं. म्हणालो, "आमच्या वेळी..."

आमच्या वेळी, म्हणजे १९८७ साली, रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा वडील गच्चीवर अँटेना फिरवत, मी जिन्यात आणि आई टीव्हीपुढे अशी साखळी असे. वडील वरून ओरडत, "दिसतंय का?" आई म्हणे, "राम दिसतोय, सीता मुंग्यांत गेली!" मी ते वर पोचवत असे. पुढे केबल आली. मग २००३ साली आपल्याकडे ही घरगुती डिश सुरू झाली, आणि काही वर्षांनी आमच्याही कठड्यावर आली. ती बसवणाऱ्या माणसाने एकदाच दक्षिणेकडे तोंड करून घट्ट आवळली आणि सांगितलं, "आता हिला हात लावायचा नाही." वडील दोन दिवस अस्वस्थ होते. ज्या टीव्हीला हात लावायचा नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

चिरंजीवांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डिश काढू या ना?"

मग मी पैशांचा मुद्दा काढला. २०१९ साली 'ट्राय'ने नवी पद्धत आणली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांचं मूळ भाडं होतं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आवडीच्या वाहिन्यांचे पैसे वेगळे. पुढे नियम बदलले, पण ते ४० पैसे माझ्या डोक्यातून गेले नाहीत. चिरंजीवांच्या बाजूला तीन अ‍ॅपची वर्गणी आणि वायफायचं बिल. आणि कुणीही जी मालिका 'बघाच' म्हणून सांगतो ती हमखास चौथ्या अ‍ॅपवर! डिशचं पारडं जड झालं. त्यावर सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "वायफाय तर आहेच घरात. मग दोन्हीकडे कशाला भरायचे?"

बी.कॉम. मी झालो, पण ताळेबंद त्यांना कळतो. २०२४ च्या जूनमध्ये मी डिशचं रिचार्ज केलं नाही.

आता आईचं शिक्षण सुरू झालं. आई पंचाहत्तरीची. डिशच्या रिमोटवरचे तिच्या वाहिन्यांचे आकडे तिला फोन नंबरासारखे पाठ. नव्या रिमोटवर आकडेच नव्हते. अ‍ॅप उघडलं की पडद्यावर प्रश्न येई, "कोण बघतंय?" आणि खाली चार चित्रं. नातवाने आजीसाठी चष्मेवालं घुबड निवडलं होतं. पहिल्या दिवशी आईने तो प्रश्न वाचला आणि मोठ्याने उत्तर दिलं, "मी. या वेळेला घरात दुसरं कोण असणार?"

"आजी, बोलायचं नाही, घुबड दाबायचं."

"बरं. साडेआठची मालिका कधी लागते?"

"तुला हवी तेव्हा!"

"मला साडेआठला हवी."

"अगं, आत्ता बघ ना. दुपारी चारला बघ."

"चारला मी कशी बघू? ती साडेआठची आहे."

चिरंजीव हसले, मीही हसलो. आई हसली नाही. पण तिने शिकून घेतलं. आठवड्याभरात ती बिनचूक घुबड दाबू लागली, आणि आपण एक घर आधुनिक केलं या समाधानात मी बँकेत जाऊ लागलो.

मग एका शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, मी बाहेरची कामं उरकून दुपारी घरी आलो. टीव्ही चालू होता, पण चित्र थांबलं होतं. पडद्यावर नुसता प्रश्न, "अजून बघताय का?" समोर खुर्चीत आई, हात मांडीवर. झोपलेली नव्हती. ती त्या प्रश्नाकडे बघत होती आणि उत्तर देत नव्हती.

"काय गं, बिघडलं का?"

"नाही रे. चाललंय." मग जरा वेळाने म्हणाली, "कुमूचा फोन नाही आला बारा दिवसांत."

कुमू म्हणजे माझी मावशी. मिरजेला असते. काका गेल्यापासून एकटीच. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. रोज रात्री साडेआठची मालिका दोघी आपापल्या घरी बघत आणि जाहिराती लागल्या की एकमेकींना फोन करत. पहिल्या जाहिरातीला सुनेचा उद्धार, दुसऱ्या जाहिरातीला गुडघे, तिसऱ्या जाहिरातीला "औषध घेतलंस का?" इतकी वर्षं मी हे ऐकत होतो आणि याला टीव्ही बघणं समजत होतो!

"मग तू कर ना फोन."

"कधी करू? तिच्याकडे जाहिराती असतात तेव्हा माझ्याकडे काहीच नसतं. परवा केला, तर तिचं ऐन महत्त्वाचं चाललेलं. म्हणाली, 'ठेवते ताई, नंतर करते.' नंतर म्हणजे कधी? हवं तेव्हा?"

हवं तेव्हा म्हणजे कधीच नाही, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असायला हवं. 'सवडीने भरतो' म्हणणाऱ्याचं कर्ज कुणाचं वसूल झालंय? तारीख ठरलेली असली तरच माणूस येतो.

मी काही बोललो नाही. बापाने आपली चूक लगेच कबूल करू नये, असा आमच्या घराण्यातला नियम आहे. मला निमित्त हवं होतं. ते २९ जूनला मिळालं.

बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम फेरी. आपल्याकडे रात्र. आम्ही सगळे वायफायवर. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्याकडे डिश. अ‍ॅपवरचं चित्र डिशच्या वीस-तीस सेकंद मागे असतं, हे मला त्या रात्री छताकडून कळलं. शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्यात, समोर मिलर. आमच्या पडद्यावर हार्दिक पंड्या अजून चेंडू हातात घोळवतोय, आणि वर मास्तरांची खुर्ची आपटली. पाठोपाठ सत्तरीच्या माणसाला न शोभणारी किंकाळी! मग आम्ही सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा तो झेल पाहिला, निकालपत्र हातात आल्यावर पेपर सोडवावा तसा. सात धावांनी आपण जिंकलो. मास्तरांचे फटाके आधी वाजले, विजय नंतर आला.

चिरंजीव बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "बाबा, डिशचं रिचार्ज केवढ्याला असतं?"

मी गंभीरपणे म्हणालो, "तुझी इच्छा असेल तर करू या."

रविवारी सकाळी छत्री उघडली. रात्री साडेआठला मालिका लागली आणि पावणेनऊला फोन वाजला. आई म्हणाली, "अगं, आमच्याकडचं ते बंद पडलं होतं." तिने माझं नाव घेतलं नाही.

अजूनही पाहुणे विचारतात, "अजून डिश?" मी त्यांना सांगतो, कोकणातल्या आमच्या मामाकडे मोबाइलची रेंज गडग्यावर चढल्यावर येते, पण डीडी फ्री डिश परसात स्वच्छ दिसते. एकदा पेटी घेतली की महिन्याचं भाडं नाही. सांगतो, की २०२२ च्या जूनमध्ये जीसॅट-२४ नावाचा आख्खा उपग्रह एका डिश कंपनीसाठी वर गेलाय. ते माना डोलावतात. खरं कारण मी सांगत नाही. ते हिशेबाच्या वहीत मांडायला रकाना नाही.

परवा पुन्हा जोराची सर आली. पडद्यावर पाटी आली. मी उठून वायफाय लावणार, तेवढ्यात आईने हाताने थांबवलं आणि फोन लावला.

"कुमू, आमची छत्री मिटली. तू सांग."

आणि मावशी मिरजेहून सांगू लागली. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणी कुणाला कसं टोमणं मारलं. मध्ये मध्ये स्वतःचं मतही घालत होती. आई काळ्या पडद्याकडे बघत ऐकत होती आणि हसत होती. पुणे ते मिरज रस्त्याने दोन-अडीचशे किलोमीटर. दोघींच्या गुडघ्यांना आता तेवढंही झेपत नाही. म्हणून त्या रोज साडेआठला ३६ हजार किलोमीटर उंचावर भेटतात.

पाऊस थांबला, चित्र आलं. आईने आवाज बंद केला.

"थांब," ती मला म्हणाली, "तिचं सांगून होऊ दे."