परतीची वाट

नावे टाकलेली रक्कम कुठे तरी जमा दिसली पाहिजे, एरवी रोजमेळ जुळत नाही, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. विजेचा व्यवहारही याहून वेगळा नाही. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला प्रवाह दुसऱ्या टोकाकडे परत आला, तरच उपकरण चालते. या परतीच्या वाटेला तंत्रज्ञ ‘ग्राउंड’ म्हणतात.

दिंडोरीतील एका धान्यव्यापाऱ्याचा नातू नाशिकला अभियांत्रिकी शिकतो आणि सुटीत दुकानावरच्या माडीवर गिटारसाठी ‘पेडल’ तयार करतो. पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची, ९ व्होल्टवर चालणारी धातूची डबी. ती गिटारचा आवाज हवा तसा भरड किंवा घुमणारा करते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्याने पहिली डबी जोडली, तेव्हा सुरांच्या आधी ऐकू आली ती अखंड भुणभुण.

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि तिच्या तारांभोवती त्याच गतीने बदलणारे क्षेत्र असते. गिटारचा क्षीण संकेत या क्षेत्रात सापडला की तीच भुणभुण कित्येक पटींनी वाढून बाहेर पडते. एका मित्राने सोपा उपाय सुचवला. ॲम्प्लिफायरच्या प्लगमधील तिसरी, जाड पिन काढून टाकायची! आजोबांनी तत्काळ मनाई केली. त्यांना गिटारमधले काही कळत नव्हते, परंतु दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घेणारे आणि दर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणारे तेच होते. ‘‘आवाज थांबेल रे, पण जिवाचं काय?’’ एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. गिटारच्या तारा, पेडलची डबी आणि ॲम्प्लिफायरचा सांगाडा ही एकच साखळी असते आणि तिसरी पिन तिला जमिनीशी जोडते. आत कुठे गळती झाली तर प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो व फ्यूज उडतो. ती वाट तोडली, तर तो वादकाच्या बोटांतून मार्ग शोधतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावर असताना, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन विजेच्या धक्क्याने गेला. गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये राहत्या घरी, अर्थिंगच्या दोषामुळे गिटार वाजवतानाच मृत्यू पावला.

मग नातवाने खरा दोष शोधायला घेतला. गिटारचा ६.३५ मिलिमीटरचा जॅक हा मूळचा टेलिफोन एक्स्चेंजमधला, एकोणिसाव्या शतकातला. त्याचे टोक संकेत नेते आणि मागची धातूची नळी परतीची वाट होते. जॅकचा नट डबीला घट्ट टेकला की डबीही ग्राउंडला जोडली जाते आणि बाहेरचे क्षेत्र अडवते. येथे मात्र डबीला आतून-बाहेरून रंगाचा जाड थर होता. मल्टिमीटरचे एक टोक जॅकच्या नळीला आणि दुसरे डबीच्या उघड्या धातूला लावले, तर मीटर गप्पच! नटाखालचा रंग खरवडून दातेरी वायसर बसवताच तो वाजला आणि भुणभुण बरीच ओसरली. जॅक प्लास्टिकचे असते, तर डबीला स्क्रूने पत्री बसवून तिला स्वतंत्र तार सोल्डर करावी लागली असती.

दोन बारकावे त्याने वहीत टिपून ठेवले. पहिला, आत येणारा जॅक स्टिरिओ घ्यावा व त्याच्या मधल्या कडीला बॅटरीची ऋण तार जोडावी, म्हणजे प्लग काढताच बॅटरी बंद होते. दुसरा, अडॅप्टरचा जॅक प्लास्टिकचाच असावा. बहुतेक पेडलमध्ये त्याची बाहेरची बाजू धन असते, ती डबीला टेकली तर थेट शॉर्ट सर्किट होते.

पिन जागेवरच राहिली. त्यानंतर आजोबांच्या सांगण्यावरून वायरमन बोलावून माडीवरच्या सर्व सॉकेटांचे अर्थिंगही तपासून घेतले. त्यांपैकी एकात तिसरी तार जोडलेलीच नव्हती. आपल्या कितीतरी दुकानांत आणि जुन्या घरांत असे सॉकेट निमूटपणे वापरात असतील. ती तपासणी अर्ध्या तासाची असते.