आधी रोटी तोडा!

मंचुरियन, शेजवान विसरा! चीनमधल्या शिआन शहरात गेलात, तर ड्रम टॉवरमागच्या मुस्लिम मोहल्ल्यात हलालची पाटी बघून एखाद्या साध्याशा खानावळीत शिरा. मागवा यांगरौ पाओमो. ‘लाओ सुन जिया’ हे या डिशमधलं १८९८ सालापासूनचं नाव. पण लग्गेच जेवायला मिळेल या भ्रमात राहू नका! आधी समोर येतात रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोट्या. त्या आपणच कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढ्या बारीक. तुकडे मोठे राहिले, तर रस्सा आत मुरत नाही. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि मटण, रस्सा, पारदर्शक शेवयांसकट वाफाळत परत येतो. सोबत तिखट चटणी, लसणाचं गोडसर लोणचं. तोडता तोडता मस्त गप्पा होतात. मोबाईल? छे, हात मोकळे असतात कुठे!