वहीतलं नाव

पहिल्याच दिवशी अंगणवाडीताईंनी लेकरू माझ्या हाती द्यायला नकार दिला.

आर्वी तालुक्यातलं रोहणा हे माझं माहेर. नोव्हेंबरचे दिवस, कापसाची वेचणी जोरात. भाऊ, वहिनी, सून सगळे सकाळीच वावरात जायचे. म्हणून भावाच्या साडेतीन वर्षांच्या नातीला अंगणवाडीतून आणायचं काम पंधरा दिवस माझ्याकडे आलं. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असान तुम्ही आत्याआजी, पण मले कोणी सांगतलं नाही. पोरीच्या मायले फोन लावा." वावरात रेंज नव्हती. आतून नात "आजी, आजी" हाका मारत होती, तरी ताई ढिम्म. "लेकरं त बिस्किटं देनाऱ्यालेही आजोबा म्हनतात," म्हणाल्या. अर्धा तास पायरीवर बसल्यावर सुनेचा फोन लागला, वहीत माझं नाव चढलं आणि मगच पोरगी बाहेर आली. राग आला होता, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम लवकर जाऊन बसू लागले.

लेकरं आली की मदतनीसबाई एकेकाची पाण्याची बाटली उघडून वास घ्यायच्या. मला गंमत वाटली. कारण कळल्यावर गंमत उरली नाही. पऱ्हाटीवरच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे कास्तकाराच्या घरात टाकवत नाहीत. कोणी त्यात तेल ठेवतं, कोणी पाणी. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, शेकडो जण दवाखान्यात गेले. तेव्हा चर्चा झाली ती फवारणाऱ्यांची. त्याच घरात टोंगळ्याएवढं पोर रांगतं, हे बाटलीचा वास घेणाऱ्या बाईच्या लक्षात राहिलं.

एका पोराच्या हातापायावर पुरळ होतं. ताईंनी औषधाआधी विचारलं, "कापूस कोन्त्या खोलीत ठेवला?" भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा आणि त्याच ढिगावर लेकरं लोळायची, मग खाजेला काय दोष द्यायचा! संध्याकाळी ताई त्या घरी गेल्या. ढीग काही हलला नाही, पण लेकराची झोपायची जागा बदलली.

वजनकाटा आणि दंडाची पट्टी हेही सुरक्षेचंच काम, हे मला तिथे बसून उमगलं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बालकाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषित, 12.5 च्या आत असेल तर मध्यम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. कागदावरचा हा हिशेब ताटात उसळ-खिचडी होऊन येतो. वेचणीच्या दिवसांत सकाळची चूल घाईची, त्यामुळे काही पोरं पहिला घास इथेच खातात.

'अंगणवाडी' या शब्दामागे खरंच एक अंगण आहे. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू करून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, वेणीफणी, शिकणं मागाहून. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला शांता नारुळकरांनी नयी तालीमची पूर्वबुनियादी, म्हणजे लहानग्यांची, शाळा चालवली. एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला आली. ही योजना गावोगाव चालवणाऱ्या या ताई सरकारी भाषेत आजही 'मानसेवी'. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

खरी धास्ती दुपारनंतरची. अंगणवाडी सुटते आणि वेचणाऱ्या बाया दिवस मावळताना परततात. मधले काही तास लेकरू म्हाताऱ्या आजीच्या नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. विहीर, विजेची मोटर, कोठ्यात टांगलेला विळा सगळं जागच्या जागी असतं. धावून जाणारं मोठं माणूस तेवढं नसतं. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची 'पाळणा' योजना केंद्रानं 2022 पासून आणली आहे. कापसाच्या पट्ट्यात वेचणीच्या तीन महिन्यांपुरती ती गावोगाव लागली, तरी कितीतरी बायांचा जीव वावरात टांगणीला राहणार नाही.

त्या पंधरवड्यात आमच्या ओसरीवर दुपारी एका नातीची पाच पोरं झाली. शेजारणींनीच आणून सोडली. मी दोन वाजता कडी लावायचे आणि दर दहा मिनिटांनी डोकी मोजायचे. शेवटच्या दिवशी थकून ताईंकडे गेले, म्हटलं, उद्या निघते. त्यांनी वही काढली, माझ्या नावावर आडवी रेघ मारली.

"उद्यापासून तुमाले नाही देनार हं पोरगी," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.