कागलची लेक, इंदूरचा महाल

इंदूरला गेलेला माणूस राजवाडा पाहतो, सराफ्यात खातो आणि परततो. माणिकबाग राहूनच जाते. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सजवलेला हा महाल. इथली महाराणी संयोगितादेवी म्हणजे आपल्या निपाणीशेजारच्या कागलची लेक! १९२४ मध्ये, अगदी लहान वयात तिचं लग्न झालं. १९३७ मध्ये ऐन तारुण्यात ती गेली. महालातलं सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. आता तिथे केंद्र सरकारचं कर कार्यालय आहे.

त्या सामानात मुथेसियस यांच्या खुर्च्या होत्या, वाचनाचे दिवे खुर्चीतच बसवलेले. थाट सोडा, ही युक्ती घ्या: जिथे वाचायचं, तिथेच उजेड. वाढत्या मुलीला मराठीत ‘खोली’ म्हणा, कन्नडात ‘कोणे’, दहा बाय दहाची का असेना, स्वतःची हवी. खिडकीपाशी टेबल, उंचीप्रमाणे वर सरकवता येणाऱ्या फळ्या, पुढेही पुरेल असा लांब पलंग, दाराला आतून कडी. ‘उद्या सासरीच जायची’ म्हणून तिची जागा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवू नका. माहेरची हक्काची वर्षं थोडीच असतात.