बंदी भागातला डोह

उमरखेडहून ढाणकी, ढाणकीहून बिटरगाव. पुढे रस्ता सागाच्या रानात शिरतो. या टापूला आमच्याकडे ‘बंदी भाग’ म्हणतात. महिनाभर त्याचा नकाशा माझ्या टेबलावर पसरलेला आहे, शेजारच्या डबीत कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं आहेत. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पैनगंगेवर जायचं, असा बेत.

फ्लाय फिशिंगची ओढ मला पुस्तकांनी लावली. आपल्या साध्या गरीला शिसं आणि गांडूळ लागतं. फ्लाय फिशिंगमधली माशी म्हणजे गळावर दोऱ्यानं बांधलेलं पीस, तिला वजनच नाही. वजन असतं दोरीत. दोरी मागे पुरती उलगडली की मगच पुढे सोडायची, म्हणजे माशी अलगद पाण्यावर टेकते. घाई केली की सगळा गुंता. रोज सकाळी मैदानाच्या दंवभरल्या गवतावर एवढंच घोटतो आहे.

पुस्तकांत ट्राउट असतो, थंड झऱ्यांतला. आपल्याकडचा गळवाल्यांचा लाडका मासा महसीर. मुळा-मुठेतल्या महसीराला निसर्ग अभ्यासक साइक्सनं १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, त्यातलं ‘खुद्री’ आजही टिकून आहे. मीही त्याचीच स्वप्नं पाहत होतो. एका म्हाताऱ्या भोईकाकांना डबी दाखवली, तेव्हा त्यांनी एक माशी तळहातावर घेतली, फुंकर मारली, पिसं हललेली पाहिली.

“मरळीसाठी बांध,” ते म्हणाले. “ते वर येते श्वास घ्याले. थ्याच वक्ताले टाक.”

खरंच, मरळ हवेतला श्वास घेते. डोहावर एक गोल उमटतो आणि विरतो. पावसाळ्यात तिची नारिंगी पिलं घोळक्यानं पृष्ठभागाशी तरंगतात आणि मायबाप खाली पहारा देतात. त्या दिवसांत गळ टाकणं म्हणजे सबंध घोळका उघड्यावर सोडणं. ते माझ्या हातून होणार नाही.

मग नकाशा पुन्हा पाहिला. पैनगंगा अभयारण्याला नदीनं तीन बाजूंनी वेढलंय आणि अभयारण्यात मासेमारी चालत नाही. मी हेरलेले सगळे डोह नेमके तिथलेच. वाईट वाटलं, पण वाद घालावासा वाटला नाही. माणसाचा गळ न पोचणारं थोडं पाणी नदीपाशी असायलाच हवं. बाहेरच्या तलावांवरही बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. आधी त्यांना विचारायचं, कारण तो मासा त्यांची भाकरी आहे.

आता बेत असा: एक दिवस काकांच्या ओळखीच्या तलावावर, गळाचा काटा घासून गुळगुळीत केलेला, म्हणजे मरळ कमीत कमी इजा होऊन सुटेल. दुसरा दिवस बंदी भागात, काठी घरी ठेवून. सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून पाणी पडताना पाहीन, मग परवानगी असेल तेवढं आत जाऊन एखाद्या डोहाकाठी बसेन. वहीत दोन रकाने आखून ठेवलेत: वेळ, आणि पाण्यावर उमटलेले गोल.