परत फिरण्यात लाज नाही

नॉर्वेतल्या फिन्से या ठिकाणी मोटारीने जाता येत नाही. ऑस्लोहून बर्गनकडे जाणारी आगगाडी साधारण साडेचार तासांनी १२२२ मीटर उंचीवरच्या एका छोट्या स्थानकावर थांबते. उतरलेल्या माणसासमोर रुळांना खेटून उभे असलेले हॉटेल, त्यापुढे गोठलेले सरोवर आणि पलीकडे हार्डांगरयोकुलेन या हिमनदीचा पांढरा घुमट, एवढेच असते. शॅकलटनने १९१४ साली दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेपूर्वी आपल्या साधनांची परीक्षा घेतली ती याच परिसरात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि मराठी शिकवण्यापलीकडे कसलेही धाडस न केलेल्या आम्हा उभयतांचे तिथे काय काम होते, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो आम्हालाही पडला होता.

आमचा धाकटा अकरा वर्षांपासून ऑस्लोत आहे. नात्याने तो आमच्यापैकी एकाचा भाऊ आणि दुसरीचा दीर. पण वडील गेले तेव्हा तो आठवीत होता, त्यामुळे या दोन्ही शब्दांत तो पुरता मावत नाही. त्याच्या इंजिनिअरिंगची फी आमच्या सुरुवातीच्या पगारांतून गेली. हे आम्ही त्याला कधी बोलून दाखवले नाही, असा आमचा समज आहे. त्याचा फोन आला: "दादा, वहिनी, या वेळी ईस्टरला या. डोंगरात जाऊ. थोडं बोलायचंही आहे." हे शेवटचे वाक्य आमच्या सामानात सगळ्यांत जड होते.

नॉर्वेत ईस्टर म्हणजे डोंगर, संत्री, स्की आणि रहस्यकथा. यातली शेवटची गोष्ट आम्हाला आधी खरी वाटेना. १९२३ साली नूरदाल ग्रीग आणि निल्स ली या दोघांनी बर्गनची गाडी लुटली गेल्याची एक कादंबरी लिहिली. तिचे शीर्षक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात म्हणून असे काही छापले गेले, की कित्येकांना ती बातमीच वाटली. ईस्टरच्या रहस्यकथांची प्रथा तेव्हापासूनची मानतात. आम्ही त्याच मार्गावरच्या गाडीत बसलो होतो. आने होल्टची '१२२२' ही २००७ सालची कादंबरी तर याच हॉटेलात, हिमवादळात अडकलेल्या प्रवाशांमध्ये घडते. सणाला वाचन जोडणारे आपणच एकटे, हा आमचा दिवाळी अंकांवरून आलेला अभिमान तिथे थोडा उतरला. योगायोग असा, की 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक आणि हा रेल्वेमार्ग, दोन्ही १९०९ सालचे.

स्कीचा उच्चार नॉर्वेजियन भाषेत 'शी' असा होतो. धाकट्याने सकाळी गंभीरपणे "आता शी" म्हटल्यावर आमच्यापैकी एकीला हसू आवरेना, आणि मग तिघेही लहान मुलांसारखे हसलो. शब्दाचे मूळ जुन्या नॉर्समधले. अर्थ, चिरलेले लाकूड. पायाला बांधायची ती अरुंद पट्टी आता लाकडाची राहिलेली नाही, पण नावात लाकूड टिकून आहे. सपाटीवरच्या या प्रकारात बूट फक्त पुढून अडकवलेला असतो आणि टाच मोकळी राहते. एका पायाने मागे रेटा द्यायचा, दुसऱ्यावर घसरत जायचे. यंत्राने बर्फात दोन समांतर खाचा पाडून ठेवलेल्या असतात. त्यांत पाय राहिले तर वाट आपोआप मिळते. आम्ही आयुष्यभर अभ्यासक्रमाच्या खाचांतून चाललेली माणसे, त्यामुळे हे जमेल असे वाटले होते. पहिल्या तासात मोजून अकरा वेळा पडलो.

"वहिनी, गुडघे वाकवा. दादा, खाली बघू नकोस, पुढे बघ." हे ज्याला आम्ही पाढे शिकवले तो सांगत होता. पडण्यापेक्षा उठणे अवघड. आधी कुशीवर वळायचे, दोन्ही स्की समांतर आणायच्या, मग एका गुडघ्यावर यायचे. तो हात द्यायला पुढे येत नव्हता. शिक्षक म्हणून त्याचे बरोबर होते. धाकटा म्हणून त्याचे ते थांबणे आम्हाला टोचले.

दुसऱ्या दिवशी सरोवरावरून पलीकडे निघालो. खाचा संपल्या. पुढे ठरावीक अंतरावर बर्फात रोवलेल्या काटक्या होत्या. हिवाळी वाटा अशाच आखतात. एका काटकीपाशी उभे राहिले, की पुढची दिसली पाहिजे. साधारण तासाभराने वारा सुटला. भुरभुरता हिम जमिनीलगत धावू लागला आणि आकाश व सरोवर यांमधली रेघ पुसली गेली. आम्ही वर्गात 'धूसर' हा शब्द किती सैलपणे वापरत आलो, हे तेव्हा कळले. पुढची काटकी दिसेना. दोनशे पावलांवर पलीकडचा किनारा असावा, आणि इतके येऊन परत फिरायचे आमच्या जिवावर आले होते. धाकटा मात्र कसलीही चर्चा न करता वळला.

वाटेत, वाऱ्यावर ओरडत, त्याने सांगितले: १९६७ च्या ईस्टरमध्ये डोंगरात अनेक माणसे दगावली. त्यानंतर डोंगरात कसे वागावे याचे नऊ नियम घरोघरी पोचवले गेले. आठवा नियम असा, की वेळेवर मागे वळा, परत फिरण्यात लाज नाही.

संध्याकाळी काचेपलीकडे सरोवर निळसर होत असताना तो बोलला. नॉर्वेचे नागरिकत्व घेतो आहे. नॉर्वेने २०२० पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली आहे; भारताचा कायदा ती देत नाही. म्हणजे आपला पासपोर्ट परत करावा लागणार. "तुम्ही म्हणाल, परत फिरायला लाज कसली. पण दादा, मी कुठून कुठे परत फिरू?"

आम्ही दरवर्षी परदेशस्थ मराठी लेखकांवर एक प्रश्न काढतो: 'मायदेशाच्या ओढीचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा.' ओढ आहे की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. ती गृहीत धरून गुण दिले. धाकट्याच्या बाबतीतही आमचे तेच झाले होते. अकरा वर्षे आम्ही त्याचे परतणे म्हणजे कर्तव्य आणि न परतणे म्हणजे चूक, असा हिशेब ठेवला. आणि त्याच्या फीचे पैसे त्या हिशेबात गुपचूप धरले होते. सरोवरावर परतणे हा वाऱ्याचा आणि अंतराचा निर्णय होता. त्यात कोणाचे कोणावर ऋण नव्हते.

"आईला तुम्ही सांगाल?" त्याने विचारले. आम्ही नाही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. बहुधा कालचे आमचे पडणे त्याला आठवले असावे, कारण तो हसला आणि म्हणाला, "बरं. माझा मी उठतो."

परतल्यावर एका रविवारी त्याने साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला. आम्ही आईच्या शेजारी बसून होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मी आजारी पडले तर तुला येता येईल का?" तो म्हणाला, "येईल, आई. त्यासाठी वेगळं कार्ड मिळतं. कधीही येता येईल."

"मग बदललं काय?" आईने विचारले.

पडद्यावरचा तो आणि अलीकडचे आम्ही दोघे, कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. यंदाच्या प्रश्नपत्रिकेत तो जुना प्रश्न आम्ही घातलेला नाही. त्याच्या जागी काय विचारावे, ते मात्र अजून सुचलेले नाही.