डबीच्या मागची बारीक अक्षरं

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा मी ठरवलं की चेहऱ्याला लावायचं क्रीम आता अमेरिकेचं घ्यायचं नाही. माझी त्वचा भयंकर कोरडी. लोणावळ्यात दिवाळीनंतर वारं सुटलं की गाल फुटतात, ओढल्यासारखे होतात. त्यामुळे क्रीम बंद करणं शक्य नव्हतं, दुसरं शोधणं भाग होतं.

बाजारातल्या ओळखीच्या मेडिकलमध्ये गेले. काकांनी एका फ्रेंच ब्रँडची ट्यूब काढली. परदेशीच नको म्हटल्यावर म्हणाले, "ताई, आधी मागे वाचा." मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षरं मोठी केली. महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्ता, तालुका खेड. लॉरियलचा कारखाना चाकणला आहे हे ऐकून होते, पण तो पत्ता हातातल्या ट्यूबवर वाचताना वेगळंच वाटलं. आमच्या मावळातून रोज पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुली ज्या रस्त्याने कामाला जातात, तोच हा रस्ता.

मग घरातली प्रत्येक डबी उलटी करून पाहिली. पॉन्ड्स जन्माने अमेरिकेचं, पण 1987 पासून युनिलिव्हरचं. सेराव्हेही अमेरिकेचंच, पण 2017 मध्ये लॉरियलने घेतलं. लॅक्मे तर 1952 मध्ये टाटांनी सुरू केलेलं. नव्वदच्या दशकात तेही हिंदुस्थान लिव्हरकडे गेलं. जयपूरचं मिनिमलिस्ट तरुण मुली आपलं म्हणून घेतात, त्याचा मोठा हिस्सा 2025 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरनेच विकत घ्यायचं जाहीर केलं. नाव एका देशाचं, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसरीकडे बनलेला. यातला कोणता देश धरायचा हे आधी ठरवल्याशिवाय पर्याय शोधण्यात अर्थच नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या एका निरोपाने बायकांचा फार घोळ केला आहे: बारकोड 890 ने सुरू होत असेल तर वस्तू भारतीय. तसं नाही. 890 एवढंच सांगतं की तो क्रमांक भारतातल्या जीएस1 संस्थेकडून घेतला आहे. वस्तू कुठे बनली ते त्यातून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाचा पत्ता वाचायचा. 'मार्केटेड बाय'पुढचं मोठं नाव सोडून 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शोधायचं. आयात मालावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

मी काय धरलं, तर माल कुठे बनतो ते पहिलं, मालक कोण ते नंतर. मावळात राहून मला दुसरं काही सुचलंही नसतं. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये मावळातल्याच तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशी काच घेऊ नका एवढं सांगून ती माणसं थांबली नाहीत, इथल्या मुलांना काच करायला शिकवलं. स्वदेशीचा हा अर्थ मला मनापासून पटतो.

बनवणारा आणि मालक दोन्ही इथले, अशी क्रीमं शोधली तर निघतात. विको 1952 मध्ये पेंढारकरांनी परळला सुरू केलं. त्यांचं हळदीचं क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा कराचा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. आंघोळीला आता म्हैसूर सँडल. 1916 मध्ये म्हैसूर संस्थानाने काढलेला कारखाना आजही कर्नाटक सरकारचा आहे. रात्री पुण्याचं कैलास जीवन. त्याला खोबरेल आणि कापराचा वास येतो, उशीलाही लागतो, पण सकाळी गाल मऊ असतात.

टाचांसाठी मात्र कोकणातल्या नणंदेने मुठेल पाठवलं. कोकमाच्या बियांचं हे तेल नेहमीच्या हवेतही घट्ट असतं, म्हणून मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. पिवळसर गोळ्यावर बोटांचे वळ तसेच असतात. दिव्यावर जरासं पातळ करून भेगांत भरायचं. भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या आंदर मावळातल्या बायकांच्या पायांना याच्याइतकं स्वस्त आणि गुणी काही नाही. हेच तेल 'गार्सिनिया इंडिका' नावाने महागड्या परदेशी क्रीमच्या घटकांत दिसतं, आणि आपल्याकडे मात्र त्याची साधी लेबल लावलेली डबी लोणावळ्याच्या दुकानात मागून मिळत नाही. रायगड-रत्नागिरीतल्या बचत गटांनी ती आणली, तर मेडिकलच्या काकांना ठेवायला लावणारी पहिली बाई मी असेन.

सनस्क्रीन मी खेड तालुक्याचा पत्ता असलेलं घेते. मालक पॅरिसचा आहे, हे मला ठाऊक आहे.